मागून हात लागलेला रुपया

महादेवजी उमाळे यांनी कुठल्याही नाण्याला 'खोटं' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. नाणं समोर आलं की ते आधी हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला कोरडे करायचे आणि नाणं फक्त कडेला धरून उचलायचे. भिंगातून दोन्ही बाजू बघून झाल्या की त्यांचा निकाल दोनपैकी एक असायचा. एक तर "हे टाकसाळीतूनच असं आलं," नाही तर "याले मांगून हात लागला." तिसरा निकाल नव्हता. कोणी फार मागे लागलं तर म्हणायचे, "मले अजून दिसून नाई राहिलं. पुढच्या शनवारी या."

टाकसाळीत लाखो नाणी पडतात, त्यात एखादं चुकून वेगळंच पडतं. कुठे ठसा सरकतो, कुठे चकतीच अर्धवट कापलेली असते. अशी नाणी शौकीन लोक जपून ठेवतात. आणि शौकीन आहेत म्हटल्यावर चांगल्या नाण्याला कानस लावून, ठोकून, डाग देऊन जोडून 'चूक' तयार करणारेही असतातच. टाकसाळीची चूक कोणती आणि माणसाची करामत कोणती, हे काकाजी सांगायचे. अमरावतीत आम्ही सगळे त्यांना काकाजीच म्हणायचो. या कामाचे ते काही घेत नसत. चहासुद्धा निकाल दिल्यावरच पीत.

नवे पैसे सुरू झाले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा आमच्या शाळेत आले. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती आणि मी प्रयोगशाळेत बाटल्या पुसून ठेवत होते. दारात एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ उभे राहिले. बंद गळ्याचा काळा कोट, काळी टोपी, हातात शिवलेली छोटी थैली.

"बाई, तुमच्या इथं काचेच्या पेटीतला तराजू हाय म्हणतात."

"आहे. पण तो मुलींच्या प्रयोगांसाठी आहे."

"मी बी प्रयोगच कराले आलो जी."

अकोल्याच्या सरकारी खजिन्यात ते एकतीस वर्षं पोतदार होते. खजिन्यात भरणा होणारं एकूण एक नाणं पोतदाराच्या हाताखालून जायचं; तो पारखून घ्यायचा. निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला लेकीकडे येऊन राहिले होते. मी विचारलं, "सोनाराकडे का नाही जात?"

"सोनाराचा काटा सोन्याले ठीक हाय. पण तिथं नाणं घेऊन बसलं का थो पह्यले इचारते, इकता काय?"

मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली आणि पुढची तीन वर्षं शनिवारची दुपार काकाजींची झाली. ते चिमट्यानं नाणं पारड्यात ठेवत, काचेचं दार बंद करत, आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून बसत. मी वजन वहीत टिपायची. सुरुवातीला मला हे घरी जायला उशीर करणारं काम वाटायचं. पुढे पुढे शुक्रवारपासूनच मी वाट पाहायला लागले.

शिकवण्याची त्यांची हौस मोठी होती, पण ते शिकवतात असं वाटायचं नाही. एकदा कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेला आणा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी लगेच त्या कापलेल्या जागेवर भिंग धरलं.

"घाव नका पाहू बाई. घावाच्या समोरची कड पाहा."

मी पाहिली. समोरची कड मुळमुळीत होती, जणू तिथे ठसा उठताना दमला होता. काकाजींनी समजावलं. चकती मुळातच अपुरी असली तर ठसा पडताना समोरच्या बाजूलाही जोर कमी मिळतो आणि तिथली कड पुरती उठत नाही. मागाहून कानशीनं कापणारा आपण कापलेली जागा तेवढी घासून-पुसून सारखी करतो. समोरची कड मात्र धडधाकट राहून जाते.

"त्याले समोरचं सुचतच नाई," काकाजी म्हणाले आणि स्वतःशीच हसले. त्यांचं हसणं खांद्यांत असायचं. आवाज व्हायचा नाही.

शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे व्यापारी असेच एका शनिवारी टोपलीभर संत्री घेऊन आले. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंना राजाचं तोंड असलेला रुपया होता. प्रयोगशाळेत तेव्हा मी होते, चपराशी होता, दोन मुली होत्या. काकाजींनी रुपया बघितला आणि व्यापाऱ्यांना म्हणाले, "चला, जरा वऱ्हांड्यात उजेड बरा हाय." वऱ्हांड्यात काही जास्त उजेड नव्हता. खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. काकाजींनी नखाच्या टोकानं कडेच्या आतली केसाएवढी रेघ दाखवली. एक रुपया आतून कोरून त्यात दुसऱ्याचा चेहरा बसवला होता.

"म्हणजे मले फसवलं?" व्यापारी म्हणाले.

"थे मले नाई माहीत. याले मांगून हात लागला, एवढंच मी सांगतो."

"पण काकाजी, याच्यावर तर मी किती पैजा जिंकलो!"

"मंग दुसरेच फसले म्हणा की."

दोघंही हसत आत आले. मी नंतर विचारलं, त्यांना बाहेर का नेलं? काकाजी संत्रं सोलत होते. म्हणाले, "चार लोकात सांगतलं का माणूस नाण्याकडं पाह्यत नाई, लोकाइकडं पाह्यते. मंग त्याले नाणं खरंच हाय म्हणाव लागते."

टाकसाळीच्या चुकांचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. खजिन्यात खोटा रुपया आला तर तो तिथेच कातरून दोन तुकडे करायचे, असा नियम होता. नोकरीच्या सुरुवातीला अकोला तालुक्यातली एक बाई नवऱ्याच्या पश्चात शेतसारा भरायला आली. रांगेत शंभर माणसं. तिचा एक रुपया काकाजींनी दगडावर टाकला तर तो वाजलाच नाही; मातीच्या ढेकळासारखा बद्द आवाज आला. काकाजींनी कातर चालवली. शिपायानं तिचं नाव-गाव लिहून घेतलं. ती काकुळतीनं सांगत होती की रुपया माझ्या भावानं दिला, तो खोटा कसा असेल. तिला बाजूला केलं.

"संध्याकाळी तुकडे मोजाले घेतले तं आतून चांदी पांढरीशुभ्र," काकाजी म्हणाले. "अंदर बारीक चीर होती, टाकसाळीतलीच. म्हणून वाजत नव्हता. रुपया खरा होता बाई. मी खऱ्याले कातरलं."

साहेबांनी सांगितलं, सोडून द्या. काकाजींनी सोडलं नाही. शिपायाच्या वहीतलं गाव चुकीचं लिहिलेलं निघालं. सुटीच्या दिवशी तालुक्यातली खेडी धुंडाळत त्यांनी पावणेतीन वर्षं काढली. शेवटी ती सापडली. गावानं तिचं नावच 'खोट्या रुपयावाली' पाडलं होतं. काकाजींनी मारुतीच्या पारावर लोक जमवले, ते दोन तुकडे हातावर धरून दाखवले आणि सांगितलं, रुपया खरा होता, चूक माझी.

"मग ती काय म्हणाली?"

"माह्याकडं पाह्यलं अन् घरात निंगून गेली." ते पुढे म्हणाले, "गावानं नाव काई सोडलं नाई म्हणतात. पण सांगणं माहं काम होतं."

हे सगळं मला माहीत होतं. पुढचं लिहिताना मला हे वारंवार आठवतं, की हे सगळं मला माहीत होतं.

आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. त्यांनाही नाण्यांचा शौक. कुठूनसा त्यांनी पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया मिळवला. एका बाजूला राजाचं तोंड नेहमीसारखं वर उठलेलं, आणि दुसऱ्या बाजूला तेच तोंड उलटं, आत खोलगट गेलेलं. एखादं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि त्याच्यावरच पुढची चकती दाबली गेली, की असं होतं. फार दुर्मिळ चूक. वकीलसाहेबांनी तो रुपया चपराश्याच्या हाती काकाजींकडे पाठवला.

काकाजींनी आधी तोलला. बरोबर एक तोळा, झीज धरूनही चोख. मी म्हटलं, "वजन तर बरोबर आहे."

"वजन बरोबरच राहीन. दोन रुपये समोरासमोर धरून लोखंडी पकडीत दाबले तं चांदी काई कमी होत नाई. इथं वजनाचा काई उपेग नाई बाई." त्यांनी रुपया सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "माहा डोळा नवा हाय. तुमी पाहा. राजाच्या कानाखाली पाहा."

मी पाहिलं. आत गेलेल्या त्या उलट्या चेहऱ्याच्या कानाखाली, चेपलेली पण स्पष्ट, कमळाची पाकळी होती. रुपयाच्या मागच्या बाजूला फुलांची जी वेल असते, तिच्यातली. बाजूला एका पानाचा देठ.

"कोऱ्या चकतीवर एकच ठसा पडते," काकाजी म्हणाले. "खाली वेल दिसली म्हणजे आधी पुरा रुपया होता, अन् मंग कोणी तरी दाबला. पाह्यलं न?"

"पाहिलं," मी म्हटलं. पाकळी एवढी स्पष्ट होती की मी वहीत तिचं चित्रही काढलं.

काकाजी स्वतः वकीलसाहेबांच्या घरी गेले आणि एकट्यात त्यांना सांगून आले. मला वाटलं, विषय संपला.

दोन महिन्यांनी शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरलं. रविवारची सकाळ, गावातली मोठी माणसं, पालक, सगळ्या शिक्षिका. मधल्या टेबलावर काचेखाली तो रुपया, आणि खाली सुबक अक्षरात चिठ्ठी: 'टाकसाळीतील दुर्मिळ चूक. तपासणी: श्री. महादेवजी उमाळे, निवृत्त पोतदार.'

काकाजी रांगेतून बघत बघत आले. चिठ्ठी वाचली. टोपी काढून हातात घेतली, परत घातली. मग वकीलसाहेबांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, रुपया राहू द्या. फक्त माहं नाव काढा."

वकीलसाहेब हळू बोलणारे नव्हते. "का बरं? तुम्हीच तपासला ना? याच शाळेत?"

"तपासला. तुमाले तवाच सांगतलं."

लोक वळून बघायला लागले. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर कोर्टातलं हसू आलं. "उमाळे, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन केव्हा झालं?"

"आखाडीच्या सुमाराले."

"आणि रुपया तपासलात त्यानंतर. बरं. वजन कोणी केलं?" त्यांनी सभागृहात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "बाई, तुम्ही होतात ना? या रुपयाचं वजन बरोबर भरलं होतं का?"

मी साडेतीन वर्षं तात्पुरती होते. कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात वकीलसाहेबांच्या सहीसाठी गेला होता. घरी आई होती, धाकट्या भावाचं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात यातलं काय काय होतं, ते खरं म्हणजे मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की प्रश्न सोपा होता आणि त्याचं उत्तर खरं होतं.

"हो," मी म्हणाले. "वजन बरोबर होतं."

"चोख?"

"चोख."

"झालं तर!" वकीलसाहेब लोकांकडे वळले. "विज्ञानाच्या बाई सांगताहेत."

काकाजी माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. काटा थांबायची वाट बघताना बघत, तसे. माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय, असं त्यांना वाटत होतं. कमळाची पाकळी माझ्या ओठांवर होती. मी खाली फरशीकडे बघितलं.

मग काकाजीच म्हणाले, "बाई बरोबर सांगून राहिल्या. वजन बरोबरच हाय." त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले.

मागे कोणी तरी म्हणालं, "म्हाताऱ्याला स्वस्तात घ्यायचा असेल रुपया." लोक हसले. मी तेही ऐकलं, आणि तेव्हाही काही बोलले नाही.

मी कायम झाले. त्यानंतरच्या शनिवारी मी प्रयोगशाळेत पाच वाजेपर्यंत बसले. काकाजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्याकडे नाणी आणणं लोकांनी थांबवलं. उमाळ्यांचा डोळा गेला, असं गावात झालं. सहा महिन्यांच्या आत ते अकोल्याला मुलाकडे परत गेले. त्याआधी त्यांच्या लेकीच्या घराकडे मी दोनदा निघाले होते. दोन्ही वेळा कोपऱ्यावरून वळले.

वकीलसाहेबांनी तो रुपया शाळेला भेट दिला. चिठ्ठीसकट. मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात तो ठेवला गेला. पुढे मी मुख्याध्यापिका झाले. रोज सकाळी खोलीत शिरताना 'तपासणी: श्री. महादेवजी उमाळे' ही अक्षरं माझ्या उजव्या हाताला असायची. शाई फिकी झाली तेव्हा कारकुनानं हौसेनं नवी चिठ्ठी लिहून लावली. मी त्याला 'छान' म्हटलं.

पाच-सहा वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरासाठी मला अकोल्याला जावं लागलं. वकीलसाहेब तोवर वारले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सुटी होती. मी सायकलरिक्षा करून मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात गेले, विचारत विचारत घर शोधलं.

काकाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. तरी आवाजावरून ओळखलं. "अमरावतीच्या बाई? बसा, बसा. सूनबाई, पाहुण्या आल्या, चहा ठेव." मग तराजूची चौकशी केली, दांडी जिच्यावर टेकते त्या सुऱ्यांची धार अजून शाबूत आहे का विचारलं. माझ्या आईचं विचारलं. भाऊ इंजिनिअर झाला ऐकून त्यांना एवढा आनंद झाला की मला बसवेना.

मी बोलायला लागले. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते विसरले. "काकाजी, त्या दिवशी मी पाकळी पाहिली होती. वहीत चित्रही आहे माझ्याकडे. मला सगळं माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

त्यांनी मला पुरं बोलू दिलं. रडूही दिलं. सूनबाई चहा ठेवून आत गेल्या. मग ते म्हणाले,

"बाई, हे मले काहून सांगता? मले तं मालूमच होतं. तुमी पाह्यलं तवा मी तुमच्या बाजूलेच होतो." आवाज अगदी साधा होता. "तिथं जे बसले होते त्याइले सांगा."

"वकीलसाहेब गेले, काकाजी."

"थे एकटेच थोडी होते? साठ-सत्तर लोकं होते. घ्या, चहा थंडा होते."

मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. ते तसं म्हणाले नाहीत. आणि रागावलेही नाहीत. चहा पिता पिता त्यांनी नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यांची तक्रार केली. हातात घेतलं तरी काही घेतल्यासारखं वाटत नाही म्हणाले.

अमरावतीला परतल्यावर मला ते करायला चार महिने लागले. दिवाळीनंतरच्या शाळेच्या वार्षिक सभेत, मंडळ आणि पालक समोर असताना, मी ती वही घेऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतला वकीलसाहेबांचा मुलगा उठून गेला. त्या रविवारी हजर असलेले फार तर दहा-बाराजण होते. त्यांतले एक नंतर मला म्हणाले, "बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला? आम्हाला तर आठवतही नाही." चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं काढली. त्याच संध्याकाळी काकाजींना सविस्तर पत्र लिहिलं, कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं म्हणून अक्षर मोठं काढलं. आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. बाबा दिवाळीच्या आधीच गेले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते अकोल्यातच. मी निघाले तेव्हा 'नको नको' म्हणत असतानाही ते भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. रिक्षा गल्लीत उभी होती. मी बसले, रिक्षावाल्यानं ती जागच्या जागी वळवली आणि नदीच्या दिशेनं निघाला. मी मागे वळून पाहिलं. काकाजी उंबऱ्यावर सरळ उभे होते, टोपी नीट केलेली, दोन्ही हात जोडलेले. पण त्यांचं तोंड गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे होतं, जिथे कोणीच नव्हतं. रिक्षा तिकडे गेली असं त्यांना वाटलं असावं. 'काकाजी, मी इकडे आहे,' एवढं म्हणायला हवं होतं. अंतर फार नव्हतं, आवाज सहज पोचला असता. गल्ली वळेपर्यंत ते तसेच, मोकळ्या रस्त्याला नमस्कार करत उभे होते.